हाफिजजींच्या हातात कलम

उर्दू बोलणाऱ्या घरांमध्ये दृष्टिहीन माणसाला 'अंधा' म्हणणं असभ्यपणाचं समजतात. त्याऐवजी 'हाफिजजी' म्हणतात. त्याने कुरआन पाठ केलेलं असो वा नसो, डोळ्यांना दिसत नाही म्हणजे तो हाफिजजी. लहानपणी मला हा शब्द फार आवडायचा, कारण त्यात अदब आहे. शिक्षिका झाल्यावर मात्र या अदबीला एक दुसरी बाजूही आहे, हे माझ्या ध्यानात आलं.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात असा एक मुलगा होता. वर्गातली सगळी पोरं त्याला हाफिजजी म्हणत, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणत असे. एकदा वाचून दाखवलेला धडा दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ जसाच्या तसा सांगायचा. पण त्याची खरी मजा मधल्या सुट्टीत असायची. तेव्हा तो गोष्टी रचून सांगायचा आणि पोरं डबा खायचं विसरून ऐकत बसायची. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची निबंध स्पर्धा होती आणि नावं मी लिहून घेत होते. नियमात एक ओळ होती : निबंध स्वतःच्या हस्ताक्षरात असावा. मी त्याचं नाव किरअतच्या स्पर्धेत घातलं आणि छान काम केलं असं समजून पुढच्या नावाकडे वळले.

तो म्हणाला, "टीचर, मजमून तर डोक्यात असतो ना? मग हस्ताक्षर कशाला?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू."

तो नियम कुणा दुष्ट माणसाने केलेला नव्हता. दरवर्षी तोच कागद निघायचा, त्यावर मीही सही करायचे. बीएडला 'विशेष गरजा असलेली मुलं' असा एक घटक होता. तो मी परीक्षेपुरता वाचला होता आणि त्यात चांगले गुणही मिळवले होते. पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. ते शोधण्यासाठी म्हणून मी आपल्याच इतिहासाची पानं उलटत गेले. जे सापडलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात अर्थातच मदीनेपासून होते. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे दृष्टिहीन सहाबी. मक्केत कुरैश सरदारांशी बोलणं चालू असताना ते काही विचारायला आले आणि पैगंबर मुहंमद (स.) यांच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीबद्दल कुरआनात एक सूरत उतरली, सूरह अबस. आपण ही गोष्ट मुलांना सांगतो ती दयेची गोष्ट म्हणून. पण पुढचा भाग सांगायचा राहून जातो. हेच इब्न उम्मे मक्तूम मदीनेत हजरत बिलाल यांच्याबरोबर अजान देणारे झाले आणि पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा अनेकदा मदीनेत नमाज पढवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे. म्हणजे त्यांना नुसता दिलासा मिळाला नाही, काम मिळालं आणि अधिकारही मिळाला.

पुढच्या शतकांत दृष्टिहीन मुलांना कुरआन पाठ करायला बसवण्याची रीत रूढ झाली. त्यात शहाणपण होतं. स्मरणशक्तीवर उभं राहणारं, समाजात मान देणारं आणि चार पैसे मिळवून देणारं ते एक काम होतं. भीक मागण्यापेक्षा मिंबरजवळची जागा केव्हाही चांगली. ज्या काळात जगात अनेक ठिकाणी दृष्टिहीनांना रस्त्यावर सोडलं जात होतं, त्या काळात आपल्याकडे त्यांच्यासाठी निदान एक दार उघडं होतं. त्या दाराला मी नावं ठेवणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की ते एकमेव दार होऊन बसलं. दुसऱ्याने रचलेले शब्द जतन करणं हे त्याचं काम ठरलं. त्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल, हे आपल्याला सुचेनासं झालं.

गंमत अशी, की जुन्या लोकांना ते सुचत होतं. चौदाव्या शतकात सलाहुद्दीन खलील सफदी नावाचे विद्वान सीरियात होऊन गेले. त्यांनी 'नक्तुल हिम्यान' नावाचा एक चरित्रकोश लिहिला. त्यात सुमारे तीनशे नामवंत दृष्टिहीनांची चरित्रं आहेत. त्यात कवी आहेत, व्याकरणकार आहेत, फकीह आहेत. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं, की या माणसांचा एक वेगळा ग्रंथ व्हावा. तो दयेपोटी झाला नाही. ही माणसं लक्षात ठेवण्याजोगी होती, म्हणून झाला.

त्यातच बगदादच्या जैनुद्दीन आमिदी यांची हकीकत येते. ते शिकवत असत आणि पुस्तकांचा व्यापारही करत. लहानपणापासूनच दृष्टी गेलेली. दुकानात कुठलं पुस्तक कितीला घेतलं हे लक्षात राहावं म्हणून ते पातळ कागद पिळून त्याची वळी करत, त्या वळीला किमतीच्या अक्षरांचा आकार देत आणि ती पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवत. वरून दुसरा कागद डकवत. मग बोट फिरवलं की किंमत कळे. लुई ब्रेलच्या पाचशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे. पण ती आमिदींबरोबरच संपली. एका माणसाची युक्ती राहिली, तिची लिपी झाली नाही. बगदादमध्ये आणखी चार जणांनी ती उचलून धरली असती तर काय झालं असतं, असा विचार मनात येऊन जातो.

स्पेनमध्ये अकराव्या शतकात इब्न सीदा झाले. स्वतः दृष्टिहीन, वडीलही दृष्टिहीन. त्यांनी अरबी भाषेचा एक प्रचंड शब्दकोश रचला, 'अल-मुखस्सस'. हा कोश अक्षरांच्या क्रमाने नाही, विषयवार आहे : माणसाचं शरीर, घोडे, उंट, हत्यारं, पाऊस, झाडं. ज्याने घोडा पाहिला नाही त्याने घोड्याच्या रंगांचे शब्द गोळा केले, आणि त्याच्या कोशाशिवाय आजही अरबी भाषेच्या अभ्यासकाचं पान हलत नाही.

आता मी जिथे सर्वांत जास्त रेंगाळले तिथे येते. अबुल अला मअर्री. जन्म 973, सीरियातल्या मअर्रतुन नुअमान या गावी. चार वर्षांचे असताना देवी आल्या आणि दृष्टी गेली. तरुणपणी बगदादला गेले, तिथल्या ग्रंथालयांत आणि मैफलींत दीडेक वर्ष राहिले. आई आजारी असल्याचं कळल्यावर परत निघाले, पण पोहोचण्याआधीच ती गेली. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं नाही आणि घरही फारसं सोडलं नाही. स्वतःला ते 'दोन कैदखान्यांचा कैदी' म्हणवत. एक कैदखाना अंधत्वाचा, दुसरा घराचा. मांस, दूध, अंडी, मध, सगळं वर्ज्य केलं होतं. जनावराला दुःख देऊन मिळालेलं काही नको, ही त्यांची भूमिका होती.

त्यांच्या श्रद्धेबद्दल हजार वर्षं वाद चालू आहे. कुणी त्यांना झाहिद म्हणतं, कुणी जिंदीक. 'लुजूमियात' या त्यांच्या कवितासंग्रहात इतके टोकदार प्रश्न आहेत, की आजही वाचताना आपण दचकतो. 'रिसालतुल गुफरान'मध्ये त्यांनी जन्नत आणि जहन्नमची सफर घडवली आहे आणि तिथे जुन्या कवींना भेटवलं आहे. दान्तेच्या सुमारे पावणेतीनशे वर्षं आधी. मी तो वाद इथे सोडवायला बसलेले नाही. मला दिसतं ते असं, की लोक त्यांच्याशी भांडले. दृष्टिहीन माणूस म्हणून पाठ थोपटून त्यांना बाजूला बसवलं नाही, तर त्यांनी लिहिलेलं वाचून त्यावर रागावले आणि उलट ग्रंथ लिहिले. लेखकाचा याहून मोठा सन्मान कुठला?

1047 साली फारसी प्रवासी नासिर खुसरो त्या गावातून गेला. त्याने आपल्या सफरनाम्यात नोंदवलं आहे, की गावाचा मुख्य माणूस एक दृष्टिहीन कवी आहे, स्वतः जाडंभरडं नेसतो आणि त्याच्याकडे दूरदूरहून आलेले दोनशेहून अधिक लोक साहित्य शिकतात.

पण हे सगळं कागदावर उतरलं कसं? इथे ज्याच्या नावाची कुणी फारशी आठवण काढत नाही असा एक माणूस येतो : अबुल हसन अली इब्न अब्दुल्लाह इब्न अबी हाशिम. मअर्री सांगत आणि हा लिहून घेई. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. मअर्रींच्या ग्रंथांची जी यादी आपल्यापर्यंत आली आहे तिच्यात त्यांनी स्वतः याचा उल्लेख केला आहे. या माणसाने माझ्यासाठी आपलं आयुष्य खर्ची घातलं, त्याबद्दल मोल घेतलं नाही, त्याचे माझ्यावर हक्क आहेत, अशा अर्थाचं ते लिहितात. त्यांच्या इतर लेखनिकांची नावंही इब्नुल अदीम या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहेत.

हे वाचल्यावर मला माझ्या त्या निबंध स्पर्धेचा नियम आठवला. 'स्वतःच्या हस्ताक्षरात' हा नियम लावला असता तर 'रिसालतुल गुफरान' बाद झालं असतं.

मराठी वाचकाला तर हे नवं वाटायला नको. 'ज्ञानेश्वरी' सांगितली ज्ञानेश्वरांनी आणि लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी, ही परंपरा आपण शाळेत शिकवतो. ज्ञानेश्वरांना दिसत नव्हतं म्हणून नव्हे, तर बोलणारा आणि लिहिणारा वेगळे असणं ही रीतच होती. त्याच ज्ञानेश्वरांना आई मानणारे विदर्भातले गुलाबराव महाराज (1881-1915) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले. लोक वाचून दाखवत, ते ऐकत. ते सांगत, लोक लिहून घेत. आपण त्यांना 'प्रज्ञाचक्षु' म्हणतो आणि चमत्कार म्हणून नमस्कार करतो. वाचून दाखवणारे तास आणि लिहून घेणारे हात मात्र त्या नमस्कारात झाकले जातात.

मअर्रींच्या मृत्यूनंतर साडेआठशे वर्षांनी त्यांना एक वारस मिळाला. ताहा हुसैन, जन्म 1889, इजिप्तमधल्या मगागाजवळचं एक खेडं, तेरा भावंडांतला सातवा. डोळे आले, गावच्या न्हाव्याने औषध केलं आणि दृष्टी गेली. पुढचा मार्ग ठरलेलाच : मकतब, कुरआन पाठ, मग गावोगाव किरअत. नऊ वर्षांचा व्हायच्या आत तो हाफिज झाला. गोष्ट इथेच संपायची होती. पण 1902 मध्ये त्याला भावाबरोबर कैरोला अल-अजहरमध्ये पाठवण्यात आलं.

'अल-अय्याम' या आत्मकथेत त्यांनी हे सगळं लिहिलं आहे, तेही स्वतःला 'तो' म्हणून, तिसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी. त्यात दोन प्रसंग असे आहेत जे मी दर वर्षी वर्गात सांगते. पहिला जेवणाचा. लहानपणी एकदा त्याला वाटलं, रोज एका हाताने घास घेतो, आज दोन्ही हातांनी घेऊन बघावा. भाऊ फिसकन हसले, आई रडायला लागली, वडिलांनी दुःखाने समजावलं. त्या दिवसापासून त्याने कित्येक पदार्थ चारचौघांत खाणं सोडलं. चमच्याने खायचं काही असलं की नकोच. पुढे मअर्री वाचताना त्याला कळलं, की तेही लपून, एकटे जेवत. एकदा अंगावर काकवी सांडल्याचं शिष्यांनी दाखवलं तेव्हापासून. नऊशे वर्षांच्या अंतरावरची दोन माणसं जेवणाच्या ताटापाशी भेटली. दुसरा प्रसंग अल-अजहरच्या प्रवेशपरीक्षेचा. परीक्षकांनी त्याला नावाने बोलावलं नाही. 'आंधळ्या' म्हणून बोलावलं आणि तसंच परत पाठवलं. घरात कुणी कधी असं म्हटलं नव्हतं.

1908 मध्ये कैरोत नवं विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ताहा तिथे जाऊ लागले. 1914 मध्ये या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांना मिळाली. प्रबंधाचा विषय होता अबुल अला मअर्री. मग फ्रान्स. मोंपेलिए शहरात 1915 साली त्यांना वाचून दाखवायला एक मुलगी मिळाली, सुझान ब्रेसो. तिने त्यांना फ्रेंच साहित्य वाचून दाखवलं, लॅटिनच्या अभ्यासात मदत केली. 1917 मध्ये दोघांनी लग्न केलं. पॅरिसमध्ये त्यांनी इब्न खल्दून यांच्यावर दुसरा प्रबंध लिहिला.

परत आल्यावर 1926 मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्याच्या अस्सलपणावर शंका घेणारं त्यांचं पुस्तक आलं आणि इजिप्तमध्ये गदारोळ झाला. संसदेत चर्चा, सरकारी वकिलांकडे तक्रार. 1932 मध्ये विद्यापीठातली जागा गेली, पुढे पुन्हा मिळाली. 1950 मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हे हवापाण्यासारखं प्रत्येकाच्या हक्काचं, ही त्यांची घोषणा होती. त्या कारकिर्दीत माध्यमिक शिक्षण मोफत झालं. 1973 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना 'अरबी साहित्याचे अमीद' म्हणत, म्हणजे अधिष्ठाता.

आपण या आयुष्याची गोष्ट सांगतो ती अशी : बघा, डोळे नव्हते तरी मंत्री झाला, तुम्हाला तर डोळे आहेत! मला या वाक्याची आता चीड येते. या वाक्यात दृष्टिहीन मूल कुठेच नाही, ते डोळस मुलांना खडसावण्यासाठी वापरलेलं आहे. ताहा हुसैन यांच्याकडे कैरोत ने-आण करणारे होते, वाचून दाखवणारे होते, लिहून घेणारे चिटणीस होते, सुझान होती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांना कुरआनाबरोबरच हवं ते वाचून दाखवणारं कुणी तरी भेटत गेलं. त्या खेड्यात त्यांच्यासारखी डोळे आलेली आणखी किती मुलं होती? ती त्यांच्याइतकी हुशार नव्हती असं कशावरून?

उर्दूपुरतं बोलायचं तर लखनौचे कलंदर बख्श जुर्अत आहेत. तरुण वयातच त्यांची दृष्टी गेली. मुहंमद हुसैन आजाद यांच्या 'आबे हयात'मध्ये त्यांचा एक किस्सा आहे. जुर्अतना एक मिसरा सुचला होता, दुसरा जुळत नव्हता. सय्यद इंशा आले आणि हट्ट करून तो मिसरा ऐकला. प्रेयसीच्या केसांना रात्रीची उपमा दिलेली होती. इंशांनी तिथल्या तिथे दुसरा मिसरा जोडला, तो आंधळ्याला अंधारात लांबचं सुचलं अशा अर्थाचा. जुर्अत हसले आणि काठी घेऊन चाचपडत इंशांच्या मागे धावले. किस्सा खरा-खोटा कसाही असो, त्यातली दोस्ती बघा. इंशांनी चेष्टा केली ती बरोबरीच्या शायराची. दया केली असती तर काठी खाल्ली नसती, पण दोस्तीही राहिली नसती.

एक गोष्ट आपल्या मुंबईचीही आहे. लाहोरच्या एका डॉक्टरांच्या मुलाची, वेद मेहता यांची, मेंदूज्वराने चौथ्या वर्षाआधीच दृष्टी गेली. पाच वर्षांचाही नसताना वडिलांनी त्याला दादरच्या अंधशाळेत पाठवलं. ते दिवस त्यांनी पुढे 'वेदी' या पुस्तकात लिहिले. अमेरिका, ऑक्सफर्ड आणि मग 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात तीन दशकांहून अधिक काळ लेखन. 2021 मध्ये ते गेले तेव्हा दोन डझनांहून अधिक पुस्तकं मागे होती. तेही लेखनिकाला सांगून लिहीत, परत परत वाचून घेत आणि परत परत बदलत. म्हणजे मअर्रींचीच पद्धत. फरक एवढाच, की त्यांच्या लेखनिकांना पगार मिळत असे.

दादरच्या शाळेत वेद मेहता ब्रेल शिकले. ब्रेल आल्यावर मोठा बदल झाला. सांगणाऱ्याला स्वतःचं लिहिता येऊ लागलं. स्वतःशी, एकांतात, कुणाला न ऐकवता. लेखनासाठी हा एकांत किती मोठा असतो ते लिहिणाऱ्यालाच कळेल. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकीचा कागद उजवीकडून भरतो, दुसरीचा डावीकडून. ब्रेलमध्ये मात्र उर्दूही डावीकडून उजवीकडेच वाचतात. आणि ब्रेलच्या पाटीवर सळईने टिंबं टोचताना मराठीसुद्धा उजवीकडून डावीकडे लिहावी लागते, कारण उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो आणि वाचताना कागद उलटायचा असतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसत होते. मराठीत 2008 पासून 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी सुरू केलं. दृष्टिहीन माणसाला आपल्या भाषेत, आपल्या बोटांनी बातमी वाचता यावी यासाठी एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आतापर्यंत मी डोळ्यांबद्दलच बोलले, कारण आपल्या जुन्या इतिहासात त्यांची नोंद सर्वांत जास्त आहे. न चालणाऱ्या पायांची नोंद फारशी नाही, कारण ती माणसं घराबाहेर पडलीच नाहीत. ती नोंद आपल्याच पिढीत, आपल्याच मराठीत झाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचा भाग निकामी झाला. पुढे नोकरी केली, 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं. एका मराठी मुस्लिम घरातल्या मुलीने आपल्या शरीराबद्दल, अवलंबून असण्याबद्दल इतकं सरळ लिहिणं हे मला आजही धाडसाचं वाटतं. आपल्या साहित्य संमेलनांत त्यांची ओळख समाजसेविका म्हणून होते. लेखिका म्हणून त्या पुस्तकाची चर्चा किती वेळा झाली?

त्याच संस्थेत काही वर्षं काम केलेल्या सोनाली नवांगुळ याही चाकाच्या खुर्चीवरून वावरतात. त्यांनी सलमा या तमिळ लेखिकेच्या कादंबरीचा मराठी अनुवाद केला, 'मध्यरात्रीनंतरचे तास'. त्याला 2020 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. सलमा यांची शाळा वयात आल्यावर सुटली. लग्नानंतर त्या घरच्यांपासून लपवून, रात्री न्हाणीघरात लिहीत. तमिळ मुस्लिम बायकांच्या बंद घरांची ती कादंबरी आहे. ती मराठीत आणली चाकाच्या खुर्चीवरच्या एका बाईने, जी मुस्लिम नाही, तमिळ नाही. दार बंद असणं म्हणजे काय हे त्या दोघींना आपापल्या परीने ठाऊक असणार.

आता कायदा बघू. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामुळे दिव्यांग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी मागत बसावं लागत नाही. याच कारणासाठी झालेला माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार 2014 मध्ये सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही. त्या उमेदवाराला दिसत होतं, पण लिहिताना हात आखडायचा. म्हणजे इब्न अबी हाशिम आता कायद्यातही आहे.

कायद्याचा कागद आणि शाळेचा बाक यांत मात्र अंतर असतं. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठीच्या पेपरला लेखनिक हवा असतो तेव्हा दोन्ही लिप्या येणारा, खालच्या इयत्तेतला मुलगा शोधता शोधता आम्ही थकून जातो. मुलगा 'कोल्ह्याने' सांगतो, लेखनिक 'कोल्याने' लिहितो, गुण मुलाचे जातात. आणखी एक अडचण तर आपणच निर्माण केलेली आहे. आज फोन मजकूर वाचून दाखवतो, मराठी आणि उर्दूसुद्धा. पण तो मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. आपली बरीच उर्दू पुस्तकं इंटरनेटवर पानांच्या फोटोंच्या रूपात चढवलेली असतात. फोनला तो नुसता फोटो दिसतो, अक्षर नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाइलींचीही तीच गत, वाचायला घ्याव्यात तर भलतंच काहीतरी बोललं जातं. आपल्या प्रकाशकांनी आणि नियतकालिकांनी युनिकोडमधली प्रत जपून ठेवली, तर शंभर सत्कारांपेक्षा मोठं काम होईल. त्याला खर्चही जवळजवळ नाही.

सत्काराला माझा विरोध नाही. शाल द्यावी, नारळ द्यावा, टाळ्या वाजवाव्यात. पण ज्याचा सत्कार त्याला व्यासपीठावर चढायला उतार आहे का, हे आधी बघावं. त्याचं पुस्तक विकत घेऊन वाचावं आणि आवडलं नाही तर तसं लिहावं. मअर्रींना शत्रू मिळाले, ताहा हुसैनना टीकाकार मिळाले, जुर्अतना इंशा मिळाले. आमच्या मुलांना मिळतात ते फक्त 'माशाल्लाह'. आणि घरात एखादं मूल असेल तर त्याला हिफ्ज जरूर करू द्या, पण रात्री अर्धा तास त्याला हवं ते वाचून दाखवा. कादंबरी म्हणाला तर कादंबरी.

पुढच्या वर्षी मी तो नियम बदलून घेतला. ओरडाआरडा काही झाला नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मग आतापर्यंत का नाही बदलला?" यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाने निबंध सांगितला, मी लिहून घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. तो म्हणाला, "टीचर, हे वाक्य माझं नाही." खरंच नव्हतं. त्याने 'पाऊस मला टीनच्या आवाजात कळतो' असं सांगितलं होतं आणि माझ्या हाताने आपोआप 'पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा मधुर नाद' असं लिहिलं होतं. मी खोडून त्याचं वाक्य घातलं. लिहून घेण्याचं काम किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःचं शहाणपण बाजूला ठेवून दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा कागदावर आणायचा असतो. त्या निबंधाला बक्षीस मिळालं नाही. पण इतर निबंधांप्रमाणे तो तपासला गेला.

दहावीनंतर तो हिफ्जसाठी बाहेरगावी गेला आणि खराखुरा हाफिज झाला. रमजानमध्ये तरावीह पढवतो. मधली काही वर्षं तो फोनवर गोष्टी बोलून पाठवायचा आणि मी त्या टाईप करायचे. आता तो स्वतः टाईप करतो, फोन त्याला अक्षर अक्षर वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात एक कथा आली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चौदा चुका होत्या आणि शेवट घाईत उरकलेला होता. मी दोन्ही गोष्टी स्पष्ट कळवल्या. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, "शेवटाचं पटलं नाही टीचर, पण वेलांट्या दुरुस्त करतो."